पाण्यावाचून

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक वस्तू ठेवलेली असते. मधोमध पितळी बुश, तिच्याभोवती काळ्या रबराचा घट्ट गोळा आणि त्यातून फुलाच्या पाकळ्यांसारखी बाहेर निघालेली जाड पाती. पाती मुळात सहा होती. आता तीन आहेत, आणि त्या तिन्हींच्या टोकांवर जळल्याची चकाकी आहे. घरी येणारा नवा माणूस ती वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करतो. माझी नात तिला खेळण्यातल्या मोटारीचे चाक समजते. "आजोबा, बाकीच्या पाकळ्या कुठे गेल्या?" असे तिने मागच्या दिवाळीत विचारले, तेव्हा मी "तुटल्या" एवढेच म्हणालो. उत्तर खरे होते, पण अपुरे होते. आणि या वस्तूच्या बाबतीत अपुरे उत्तर देण्याची माझी ती पहिली वेळ नव्हती.

ही वस्तू म्हणजे बोटीच्या इंजिनाला समुद्राचे पाणी पुरवणाऱ्या पंपातले फिरते चक्र. पुस्तकी नाव इंपेलर. आमच्या हर्णै बंदरावर त्याला नुसते 'रबर' म्हणत. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या तीन भागांपैकी ढोबळमानाने एक भाग बोट पुढे ढकलण्याच्या कामी येतो. एक धुराबरोबर जातो, आणि उरलेल्याची नुसती आग होते. ती आग कोणी तरी बाहेर नेऊन टाकायला हवी. मोटारीला त्यासाठी समोरून वारा मिळतो. बोटीच्या पोटात वारा कुठला? तिथे तळातून समुद्राचे पाणी आत ओढून, कूलरच्या नळ्यांमधून फिरवून, तापलेले पुन्हा समुद्रात सोडतात. हे सारे काम तळहातात मावणाऱ्या या रबरी फुलाचे. ते चालले आहे की नाही हे ओळखायची खूणही साधी आहे: बोटीच्या कुशीतल्या नळीतून बाहेर पडणारी पाण्याची धार. धार आहे तोवर सारे ठीक.

हे मला आज ठाऊक आहे. १९७४ च्या मे महिन्यात ठाऊक नव्हते, आणि त्या वेळी मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलो होतो.

त्या महिन्यात देशभर रेल्वेचा संप होता. ८ मे रोजी तो सुरू झाला आणि माझा वसतिगृहातला मित्र अडकला. तो नागपूरचा. घरी जायला गाडी नाही, आणि वसतिगृहाची खाणावळ बंद झालेली. मी त्याला एस.टी.त घालून हर्णैला घेऊन आलो. त्याने तोवर समुद्र पाहिला नव्हता. ज्याने समुद्र पाहिलेला नाही अशा माणसाला समुद्र दाखवताना किनाऱ्यावरच्या माणसाला एक विलक्षण चढ येतो. जणू समुद्र आपणच करून ठेवलेला असतो. मी त्याला सुवर्णदुर्ग दाखवला, आंगऱ्यांचे आरमार सांगितले, १७५५ साली कमोडोर जेम्सने तो किल्ला तुळाजींकडून कसा घेतला ते सांगितले. संध्याकाळचा लिलाव दाखवला. बैलगाड्या पोटभर पाण्यात शिरून बोटींवरची मासळी उतरवून आणत, ते पाहून तर तो टाळ्या पिटू लागला. मग दाखवण्यासारखी एकच गोष्ट उरली: आमची बोट.

बोट आमची म्हणजे वडिलांची. अण्णांचे किराणा दुकान होते. कर्ज काढून त्यांनी एका जुन्या तांडेलाबरोबर भागीत बोट बांधली होती. दोन सिलिंडरचे इंजिन, हाताने हँडल मारून सुरू करायचे. तांडेल शिडाच्या काळातला. इंजिनाशी त्याचे बोलणे नव्हते. इंजिन पाहायला एक तरुण ड्रायव्हर ठेवला होता. तिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा, कानामागे सदैव विडी अडकवलेला. बोट नांगरून घरी जाताना तो दोन गोष्टी न चुकता करी. तळातून पाणी आत घेणाऱ्या पाइपाचा पितळी कॉक बंद करी, म्हणजे रात्री पाइप फुटलाच तर बोट भरू नये. आणि हँडल पुसून खुंटीला टांगून ठेवी.

एका दुपारी बोटीवर कोणी नव्हते. मी मित्राला होडक्यातून तिथे घेऊन गेलो. "चालू करून दाखव ना," तो म्हणाला. बस्स, एवढेच पुरे होते. खुंटीवरचे हँडल मी काढले, हवा सोडायचा खटका त्याच्या हाती दिला, "मी सांगितलं की खाली पाड" असे बजावले आणि हँडल फिरवायला लागलो. तिसऱ्या झटक्याला इंजिनाने खोकून धूर सोडला आणि ते चालू झाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. तो बाहेर वाकून पाहत होता. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्याने विचारले, "या नळीतून काही यायचं असतं का रे?"

"ती जादा पाण्याची," मी ओरडून सांगितले.

असे उत्तर माणूस कुठून आणतो कोण जाणे. 'मला माहीत नाही' हे म्हणायला त्याहून कमी श्रम पडले असते. तीन-चार मिनिटांनी रबर जळल्यासारखा वास आला. नवा पट्टा असेल, असे मीच माझी समजूत घातली. इंजिन बंद केले, हँडल होते तसे खुंटीला टांगले आणि आम्ही परतलो. कॉकला मी हातही लावला नव्हता. तो बंद होता हे मला माहीत नव्हते, आणि उघडा असावा लागतो हेही माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारातच, मतलई वाऱ्यावर बोट निघाली. तांडेल, ड्रायव्हर, चार खलाशी आणि हौसेने बरोबर आलेले आम्ही दोघे. ड्रायव्हरने कॉक उघडला, इंजिन सुरू केले आणि बाहेर वाकून धारेखाली हात धरला. क्षणभर तो तसाच राहिला. मग तांडेलाला म्हणाला, "धार बारीक वाटते. परत आल्यावर पंप खोलतो." तांडेलाने हुंकार दिला. मोसम संपत आला होता. पंधरा-वीस दिवसांत बोटी वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या. अशा दिवसांत बारीक धारेसाठी कोणी दिवस मोडत नाही.

जाळ्याला चांगली सुरमई लागली. दुपार कलताना आम्ही परत फिरलो. बोट भरलेली, त्यामुळे इंजिन पुऱ्या जोरावर. सुवर्णदुर्ग समोर दिसायला लागला तेव्हा आधी रंग करपल्याचा वास आला, मग इंजिनावरच्या झाकणातून वाफ. ड्रायव्हर एका उडीत बाहेर वाकला. नळी कोरडी होती. त्याने तत्क्षणी इंजिन बंद केले. इंजिन वाचले ते तेवढ्यामुळे. आणखी पाच मिनिटे चालले असते तर पिस्टन सिलिंडरला धरून बसले असते. हे मी पुढे कित्येकदा इतरांना शिकवले आहे. त्या वेळी मला फक्त एक भयंकर शांतता ऐकू आली.

वायव्येचा वारा भर दुपारी चढलेला, आणि आमच्या व बंदराच्या मधे किल्ला. इंजिन बंद पडलेली बोट वाऱ्याबरोबर हळूहळू त्याच्या खडकांकडे सरकू लागली. किनाऱ्यावरून मी मित्राला जो तट कौतुकाने दाखवला होता, त्याच्या पायथ्याशी लाटा फुटताना आता मला मोजता येत होत्या. तांडेलाने घाई केली नाही. नाळेजवळ जुने शीड गुंडाळून ठेवलेले असे. इंजिन आल्यापासून त्याच्यावर आम्ही बसत असू, एवढाच त्याचा उपयोग. ते त्याने उभे करायला लावले, सुकाणू स्वतः हातात घेतले आणि बोट दक्षिणेकडे वळवली. खडकांना अंगावर येऊ देत, शेवटी बाजूला टाकत, किल्ल्याला वळसा घालून त्याने ती बंदरात आणली. माझा मित्र फळीला कवटाळून ओकत होता. मला ओकारीही आली नाही. धार बारीक आहे हे शब्द पहाटेच ऐकले होते, आणि जळक्या रबराचा वास माझ्या नाकात आदल्या दुपारपासून बसला होता.

पोचलो तोवर लिलाव उठला होता. बर्फ विरघळलेला. सुरमई पडेल भावाने गेली.

नांगर पडल्यावर कंदिलाच्या उजेडात ड्रायव्हरने पंपाचे झाकण काढले. आतून हे रबर निघाले. तांडेलाने ते घेतले, उरलेल्या पात्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे पाण्यावाचून फिरलंय."

रात्री आमच्या ओटीवर सगळे जमले. अण्णा चिडले होते, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर रास्त चिडले होते. "धार बारीक दिसली होती, तर बोट हाकलीत कशाला?"

"चूक झाली," ड्रायव्हर म्हणाला. "पण अण्णा, माझ्या हातून रबर कोरडं फिरलेलं नाही. कॉक उघडल्याशिवाय मी हँडलला शिवत नाही."

"मग कोणी फिरवलं? समुद्राने?"

मी झोपाळ्यावर होतो. झोपाळ्याची कडी करकरत होती. मी पाय टेकून तो थांबवला. मित्राने माझ्याकडे पाहिले आणि मग पायरीवरच्या चपलांकडे पाहिले. एवढ्या वेळात एक वाक्य सहज बोलून झाले असते. कोणी मला मारले नसते. अण्णांनी फार तर "शाबास इंजिनियर" म्हटले असते, आणि तेच मला नको होते. एका टोमण्याची किंमत मला दुसऱ्याच्या भाकरीपेक्षा जास्त वाटली. "हा मोसम संपव, पुढच्याला दुसरा बघतो," असे अण्णा म्हणाले. ड्रायव्हरने कानामागची विडी काढली, पुन्हा तिथेच ठेवली आणि तो उठला.

नवे रबर मुंबईहून आणायला हवे होते. "मी जातो," मी चटकन म्हणालो आणि माप जुळवायला म्हणून तुटके रबर खिशात घातले. रात्रीच्या एस.टी.ने निघून नागदेवी स्ट्रीट गाठली. पंप, बेअरिंगे, वॉशर यांनी छतापर्यंत भरलेल्या एका बोळकांडीतल्या दुकानात एक वयस्कर बोहरी गृहस्थ बसले होते. त्यांनी रबर हातात घेतले आणि मोजपट्टीला हात लावण्याआधीच विचारले, "पाण्याशिवाय कोणी चालवलं?"

मी म्हणालो, "ड्रायव्हरने."

ओटीवर मी गप्प बसलो होतो. इथे, ज्याला माझे नावही ठाऊक नव्हते, ज्याच्यापासून मला काही धोका नव्हता, अशा माणसापुढे मी ते खोटे तोंडाने बोललो. गप्प बसणे आणि खोटे बोलणे यांत फार अंतर आहे असे मला तोवर वाटत असे. ते अंतर हर्णै ते मुंबई एवढेच निघाले.

त्या गृहस्थांना बोलण्याची आवड होती. एका पंपाचे झाकण काढून त्यांनी मला आतली रचना दाखवली. पंपाची डबी गोल असते, पण एका बाजूला तिला आतून उंचवटा असतो. रबर फिरताना पाते त्या उंचवट्याशी आले की वाकते आणि दोन पात्यांमधली जागा लहान होऊन पाणी बाहेर ढकलले जाते. पुढे गेले की पाते सरळ होते, जागा मोठी होते आणि नवे पाणी आत ओढले जाते. वाकायचे आणि सरळ व्हायचे, मिनिटाला शेकडो वेळा. "याला तेल घालत नाहीत," ते म्हणाले. "पाणी हेच याचं तेल. पाणी नसेल तर रबर पितळेवर घासतं, तापतं, एक-दोन मिनिटांत जळतं." बसवताना साबणाचे पाणी लावा, पावसाळ्यात बोट उभी राहील तेव्हा रबर काढून ठेवा, नाही तर वाकलेली पाती वाकलेलीच राहतात, असे सांगून त्यांनी एकाऐवजी दोन रबरे बांधून दिली. जुने मी पुन्हा खिशात घातले. ते तिथेच टाकून देता आले असते. का टाकले नाही, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

नवे रबर ड्रायव्हरनेच बसवले. मी कंदील धरला होता. पाती एका दिशेला वाकवून त्याने त्यांच्याभोवती दोरा गुंडाळला, साबणाचे पाणी लावले आणि रबर डबीत सरकवून दोरा काढून घेतला. मग डबीत सापडलेले तुकडे त्याने फळीवर मांडले. "पाती तीन तुटली. तुकडे दोन आहेत. एक पुढे गेलाय." पंपापुढच्या पाइपात तार घालून त्याने पाहिले. तिथे तो नव्हता. कूलर खोलायचा तर बोल्ट गंजलेले, आणि दिवस थोडे. अण्णा म्हणाले, राहू दे. उरलेले दिवस इंजिन चालले, पण थोडे गरमच. ड्रायव्हर वेग चढू देत नसे. बोट वर ओढल्या दिवशी त्याने हँडल पुसून खुंटीला टांगले आणि तो गेला.

जुलैत वसतिगृहावर अण्णांचे कार्ड आले. पाऊस बरा आहे, आईचे गुडघे दुखतात, आंबोशी पाठवली आहे. आणि शेवटी: 'मेकॅनिककडून कूलर खोलून घेतला. पात्याचा तुकडा नळ्यांच्या तोंडाशी अडकलेला सापडला. आता इंजिन गार चालेल.'

ते कार्ड मी दोन दिवस पुस्तकात ठेवले. तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिले. दुपारी बोटीवर गेलो होतो, इंजिन मी चालवले, कॉक बंद होता, ओटीवर मी बोललो नाही. चार वाक्ये लिहायला चार कार्डे फुकट गेली. अण्णांचे उत्तर आठ दिवसांनी आले. ते ड्रायव्हरच्या घरी स्वतः गेले होते. त्याने रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या एका बोटीवर पुढच्या मोसमाचे काम धरले होते आणि शब्द दिल्यामुळे तो परत येणार नव्हता. टोमणा नव्हता. खाली एक ओळ होती: 'माझे काम मी केले. तुझे तू स्वतः जाऊन कर.'

हर्णै ते रत्नागिरी काही सातासमुद्रांचे अंतर नाही. मला ते तोडायला बारा वर्षे लागली. पहिल्या वर्षी परीक्षा होती, मग नोकरी, मग लग्न. कारणे खोटी नव्हती. नोकरीत मी कारखान्यांतले पंप दुरुस्त करीत असे आणि नव्या मुलांना सांगत असे, पंप कोरडा फिरवू नका. माझ्या टेबलावरचे तुटके रबर दाखवून सांगत असे. ते कोणाच्या हातून तुटले हे कोणी विचारत नसे. मीही सांगत नसे.

१९८६ साली कामानिमित्त रत्नागिरीला गेलो तेव्हा संध्याकाळी मिरकरवाड्यावर उतरलो. त्याला शोधायला वेळ लागला नाही. केस पिकले होते, विडी कानामागे होती. त्याने चहा मागवला, अण्णांची चौकशी केली. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले होते. तो बराच वेळ त्यांच्याबद्दल बोलत राहिला. अखेर मी म्हणालो, "त्या मे महिन्यात जे झालं ते..."

"अण्णांनी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मी आधीच यायला हवं होतं."

यावर तो 'असू द्या' म्हणाला नाही. मला ते ऐकायचे होते, पण तो म्हणाला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "इंजिन बघता?"

बोट मोठी होती. सहा सिलिंडरचे इंजिन, हँडलचे दिवस संपलेले, चावी फिरवून सुरू होणारे. हल्ली तळाच्या जाळीला प्लास्टिकच्या पिशव्या येऊन चिकटतात आणि रबरे त्याने जातात, असे तो सांगत होता. पिशवी दिसत नाही, धार मात्र लगेच सांगते. मी चावीची जागा पाहिली. तिथे चावी नव्हती. त्याने खाली वाकून ती काढली. ती पाणी आत घेणाऱ्या कॉकच्या दांड्याला सुतळीने टांगलेली होती. कॉकला हात लावल्याशिवाय ती कोणाच्याही हाती येणार नाही, अशी.

"कधीपासून अशी ठेवता?" मी विचारले.

"इथे आल्यापासून. तेव्हा हँडल होतं. तेही इथेच टांगायचो."

त्याने कॉक उघडला, चावी लावली, इंजिन सुरू केले. मग वर येऊन कठड्यावरून वाकला, धारेखाली हात धरला आणि बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली. "बघा," तो म्हणाला.

मी वाकलो आणि हात पुढे केला. धार मनगटाएवढी जाड होती, आणि पाणी कोमट होते.